एकच जर्सी, दोन दावेदार
व्यावसायिक सायकल शर्यतींमधील सहकाऱ्यांच्या वैराचा मागोवा

रस्त्यावरची सायकल शर्यत हा सांघिक खेळ आहे की वैयक्तिक, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. शर्यतीत उतरतो तो संघ. मात्र व्यासपीठावर चढून विजेत्याची जर्सी अंगात घालतो तो एकटा सायकलपटू. क्रिकेटमध्ये शतक एकाचे असले तरी सामना अकरा जण जिंकतात. फुटबॉलमध्ये गोल कोणीही केला तरी चषक सगळ्यांच्या हाती येतो. सायकलिंगमध्ये मात्र सात जणांनी तीन आठवडे राबायचे आणि नाव आठव्याचे व्हायचे, असा शिरस्ता आहे. राबणाऱ्या या सातांपैकी एखाद्याला जेव्हा जाणवू लागते, की आज आपले पाय नायकापेक्षा चांगले चालत आहेत, तेव्हा या खेळातील सर्वांत बोचरे वैर जन्माला येते. हे वैर परक्या संघाशी नसते. एकाच बसमधून प्रवास करणाऱ्या आणि रात्री एकाच टेबलावर जेवणाऱ्या माणसांमधले ते असते.

वाऱ्याचे गणित

हे वैर समजून घ्यायचे तर आधी वारा समजून घ्यावा लागतो. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलपटूची बहुतांश शक्ती हवेचा विरोध कापण्यात खर्च होते. त्याच्या मागच्या चाकाला चिकटून जाणाऱ्याला तेवढाच वेग बऱ्याच कमी श्रमात राखता येतो. म्हणूनच नायकाला शक्य तितका वेळ इतरांच्या आडोशाला ठेवायचे आणि निर्णायक घाटात ताज्या दमाने सोडायचे, हे संघाचे मुख्य काम ठरते. सहकारी त्याच्यासाठी वारा झेलतात, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणतात, चाक पंक्चर झाले तर आपले चाक काढून देतात. या सायकलपटूंना फ्रेंचमध्ये ‘दोमेस्तिक’, म्हणजे घरगडी, असे म्हणतात. ‘टूर द फ्रान्स’चे संस्थापक आंरी देग्रांज यांनी १९११ मध्ये मोरिस ब्रोको या सायकलपटूला हिणवण्यासाठी हा शब्द वापरला होता. पुढे ती शिवी राहिली नाही, हुद्दा झाली. इटालियन भाषेत याच कामाला ‘ग्रेगारिओ’, म्हणजे साधा शिपाई, असा शब्द आहे.

‘टूर द फ्रान्स’ (१९०३ पासून), ‘जिरो द इटालिया’ (१९०९ पासून) आणि स्पेनची ‘व्हुएल्टा’ (१९३५ पासून) या तीन महाशर्यती. प्रत्येकीत तीन आठवडे, साधारण २१ टप्पे. सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजेता. आघाडीवरच्या सायकलपटूला फ्रान्समध्ये पिवळी, इटलीत गुलाबी आणि स्पेनमध्ये २०१० पासून लाल जर्सी मिळते. २०१७ पर्यंत या शर्यतींत एका संघात नऊ जण असत. २०१८ पासून ही संख्या आठ झाली. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवण्यात येते. युरोपातील महाशर्यतींत असे आणि याहून कितीतरी उंच घाट एकेका दिवसात तीन-तीन, चार-चार येतात. तिथे आडोशाचा उपयोग कमी होतो, ज्याचा त्याचा दम उघडा पडतो आणि नायक कोण हे कागदावर नव्हे, तर चढावर ठरते.

एक अलिखित नियम

सायकलिंगमध्ये एक अलिखित नियम कसोशीने पाळला जातो : पुढे निसटलेल्या आपल्या सहकाऱ्याचा पाठलाग करायचा नाही. एखाद्या संघाचा खेळाडू पुढे गेला, की त्याचे सहकारी मागच्या जथ्यात स्वस्थ बसतात. पाठलागाचे ओझे प्रतिस्पर्धी संघांनी वाहायचे. २००८ च्या ‘टूर’मध्ये ‘सीएससी’ संघाने या नियमाचा नमुनेदार लाभ उठवला. पिवळी जर्सी त्यांच्याच फ्रँक श्लेककडे होती. पण आल्प द्युएझच्या पायथ्याशी कार्लोस सास्त्रे या दुसऱ्या दावेदाराने मुसंडी मारली. फ्रँक व त्याचा भाऊ अँडी प्रतिस्पर्ध्यांच्या मागे चिकटून राहिले, ऑस्ट्रेलियाच्या कॅडेल इव्हान्सला एकट्याने वारा कापावा लागला आणि सास्त्रे त्या दिवशीचा टप्पाच नव्हे, तर पुढे शर्यतही जिंकला. फ्रँकच्या अंगावरची जर्सी सास्त्रेकडे गेली, तरी संघात जाहीर कलह झाला नाही.

मात्र हेच शस्त्र दुधारी आहे. प्रतिस्पर्ध्याने हल्ला केला तर नायक प्रतिहल्ला करू शकतो. हल्ला सहकाऱ्याने केला तर त्याचे हात बांधले जातात. पाठलाग करावा तर आपल्याच संघाचा घात केल्याचा ठपका. न करावा तर हातची शर्यत जाते. सहकाऱ्यांमधील वैराच्या बहुतेक गाजलेल्या कहाण्या याच पेचातून घडल्या आहेत.

बार्ताली आणि कॉप्पी

या परंपरेचा आरंभ साधारणपणे इटलीच्या जिनो बार्ताली आणि फाउस्तो कॉप्पी यांच्यापासून मानला जातो. १९४० मध्ये कॉप्पी ‘लेन्यानो’ संघात आला तो बार्तालीचा मदतनीस म्हणून. त्या वर्षीच्या ‘जिरो’त सुरुवातीलाच एक कुत्रा आडवा आल्याने बार्ताली पडला व मागे राहिला. वीस वर्षांच्या कॉप्पीने संधी साधली. डोलोमाइट पर्वतात तो ढेपाळला, तेव्हा त्याला धीर देऊन पुढे नेण्याचे काम बार्तालीनेच केले. कॉप्पी ‘जिरो’ जिंकला ९ जून १९४० रोजी. दुसऱ्याच दिवशी इटली महायुद्धात उतरला.

युद्धानंतर दोघे वेगवेगळ्या व्यावसायिक संघांत गेले. तरीही ‘टूर’ त्या काळी राष्ट्रीय संघांमध्ये होत असल्याने फ्रान्समध्ये त्यांना पुन्हा एकत्र यावे लागे. त्यांच्यामागे देशही दुभंगला होता : बार्ताली श्रद्धाळू, परंपरानिष्ठ इटलीचा, तर कॉप्पी आधुनिक इटलीचा प्रतिनिधी मानला जाई. १९४८ च्या जागतिक स्पर्धेत, हॉलंडमधील वाल्कनबर्ग येथे, दोघांनी फक्त एकमेकांवर पाळत ठेवली आणि अखेर दोघांनीही शर्यत सोडून दिली. दुसरा जिंकू नये, एवढाच दोघांचा कार्यक्रम होता. इटालियन महासंघाने दोघांना निलंबित केले.

पुढच्याच वर्षी, १९४९ च्या ‘टूर’साठी, संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेदो बिंदा यांना या दोघांमध्ये समेट घडवावा लागला. शर्यतीच्या पूर्वार्धात कॉप्पी अर्ध्या तासाहून अधिक मागे पडला आणि घरी जायला निघाला. बिंदांनी त्याला कसेबसे थोपवले. आल्प्समध्ये दोन्ही इटालियन एकत्र पुढे निघाले. ब्रियांसाँचा टप्पा १८ जुलै रोजी होता. तो बार्तालीचा पस्तिसावा वाढदिवस. कॉप्पीने तो टप्पा त्याला जिंकू दिला. दुसऱ्या दिवशी बार्ताली मार्गात पडला, कॉप्पीला पुढे जाण्याची मुभा मिळाली आणि शर्यतीचा निकाल लागला. पॅरिसमध्ये कॉप्पी पहिला व बार्ताली १० मिनिटे ५५ सेकंदांनी दुसरा आला. एकाच वर्षी ‘जिरो’ आणि ‘टूर’ जिंकणारा कॉप्पी हा पहिला सायकलपटू. व्यवस्थापकाचा शब्द दोघांनीही मानला, तर वैरसुद्धा संघाच्या पथ्यावर पडू शकते, हा त्या शर्यतीचा धडा होता.

दिलेला शब्द

हा शब्द मोडला तर काय होते, ते १९८६ मध्ये दिसले. त्याची मुळे आदल्या वर्षीच्या शर्यतीत होती. १९८५ मध्ये ‘ला व्ही क्लेर’ या फ्रेंच संघाचा नायक होता बर्नार इनो. तोवर चार वेळा ‘टूर’ जिंकलेला हा झुंजार खेळाडू पाचव्या विजयाच्या वाटेवर होता. पण एका टप्प्याच्या अखेरीस पडून त्याचे नाक मोडले. पिरेनीजमधील लुझ आर्दिदेनच्या टप्प्यात त्याचा तरुण अमेरिकी सहकारी ग्रेग लेमाँड हा स्टीफन रोशबरोबर पुढे निसटला. तेव्हा संघाच्या गाडीतून त्याला थांबण्याचा आदेश मिळाला. इनो फार मागे नाही, असे आपल्याला सांगण्यात आले आणि ते खरे नव्हते, असे लेमाँड पुढे सतत म्हणत आला. इनो जिंकला, लेमाँड १ मिनिट ४२ सेकंदांनी दुसरा आला. पुढच्या वर्षी आपण लेमाँडला मदत करू, असे इनोने जाहीर केले.

१९८६ उजाडले आणि पिरेनीजच्या पहिल्याच मोठ्या टप्प्यात, पाऊच्या वाटेवर, इनो पेद्रो देल्गादोबरोबर पुढे निघून गेला. लेमाँड अलिखित नियमात अडकला. सहकारी पुढे असल्याने त्याला पाठलाग करता येईना. दिवसअखेर इनोकडे पिवळी जर्सी आणि लेमाँडवर पाच मिनिटांहून अधिक आघाडी होती. दुसऱ्याच दिवशी इनोने पुन्हा हल्ला केला. या वेळी मात्र तो थकला. सुपरबान्येरचा टप्पा लेमाँडने जिंकला आणि आघाडी ४० सेकंदांवर आली. आल्प्समध्ये ग्रानोंच्या चढावर पिवळी जर्सी लेमाँडकडे गेली. दुसऱ्या दिवशी दोघे आल्प द्युएझवर इतरांना पाच मिनिटांहून अधिक मागे टाकून एकत्र आले; शेवटच्या रेषेवर हातात हात होता आणि लेमाँडने टप्पा इनोला दिला. सारे जग समेट झाल्याचे समजत असतानाच, शर्यत अजून संपलेली नाही, असे इनोने त्याच दिवशी दूरचित्रवाणीवर सांगून टाकले.

लेमाँड ३ मिनिटे १० सेकंदांनी जिंकला. ‘टूर’ जिंकणारा तो पहिला अमेरिकी, किंबहुना युरोपाबाहेरचा पहिलाच सायकलपटू. आपण हल्ले केले ते प्रतिस्पर्ध्यांना थकवून लेमाँडचा मार्ग सुकर करण्यासाठीच, असा इनोचा दावा राहिला. लेमाँडला तो कधीच पटला नाही. सायकलशौकिनांमध्ये आजही या प्रश्नावर दोन तट पडतात. कारण रस्त्यावर मित्राचा हल्ला आणि शत्रूचा हल्ला दिसायला सारखेच असतात. फरक असतो तो हेतूत, आणि हेतू मोजणारे घड्याळ नाही.

सापादाचा दिवस

लेमाँडने अलिखित नियम पाळून यातना सोसल्या. दुसऱ्याच वर्षी, १९८७ च्या ‘जिरो’त, ‘कारेरा’ संघाने तो नियमच उधळला. संघात दोन नायक होते : आदल्या वर्षीचा विजेता रॉबेर्तो विझेन्तिनी आणि आयर्लंडचा स्टीफन रोश. गुलाबी जर्सी आधी रोशकडे होती. सान मारिनोच्या वैयक्तिक कालबद्ध टप्प्यात विझेन्तिनीने ती मिळवली. नायकपदाचा प्रश्न निकालात निघाला, असे इटालियन संघाने व इटालियन प्रेक्षकांनी गृहीत धरले. आपण आता विझेन्तिनीला मदत केली तरी जुलैमध्ये ‘टूर’ला तो आपल्या मदतीला येणार नाही, अशी रोशची खात्री झाली होती.

६ जून रोजी सापादाच्या टप्प्यात रोश एका उतारावरून पुढे निसटला. संघव्यवस्थापक दाविदे बोइफावा यांनी थांबण्याचा आदेश पाठवला. रोश थांबला नाही. मग जे क्वचितच घडते ते घडले : ‘कारेरा’चे सायकलपटू आपल्याच सहकाऱ्याच्या पाठलागाला लागले. पाठलागात ते थकले, त्यांच्याबरोबर विझेन्तिनीही कोसळला आणि कित्येक मिनिटे मागे पडला. गुलाबी जर्सी रोशच्या अंगावर आली.

त्यानंतरचे दिवस रोशसाठी विलक्षण कठीण होते. रस्त्याच्या कडेचे प्रेक्षक त्याच्यावर थुंकत, शिव्या देत. संघातून त्याच्या बाजूने उभा राहिला तो एकच, बेल्जियमचा एडी स्केपर्स. दुसऱ्या बाजूचा आडोसा दिला तो प्रतिस्पर्धी ‘पॅनासोनिक’ संघाच्या रॉबर्ट मिलरने. सहकारी शत्रू व्हावेत आणि प्रतिस्पर्ध्याने पाठराखण करावी, असा तो उलटा न्याय होता. रोश ‘जिरो’ जिंकला. त्याच वर्षी ‘टूर’ आणि जागतिक विजेतेपदही जिंकला. १९७४ मध्ये एडी मर्क्सने साधलेला हा तिहेरी पराक्रम रोशनंतर पुन्हा घडला तो थेट २०२४ मध्ये, स्लोव्हेनियाच्या ताडेय पोगाचारकडून. सापादाला रोश आदेश मानून थांबला असता, तर हा इतिहास घडला नसता. आणि तरीही त्याने जे केले ते योग्य होते का, हा प्रश्न उरतोच.

कानातला आवाज

नव्वदच्या दशकात सायकलपटूंच्या कानात बिनतारी यंत्रे आली आणि व्यवस्थापकाचा आदेश क्षणात पोहोचू लागला. वैर मात्र थांबले नाही. २००९ मध्ये ‘अस्ताना’ संघात २००७ चा विजेता अल्बर्टो कोंटाडोर होता आणि निवृत्ती सोडून परतलेला लान्स आर्मस्ट्राँगही. संघव्यवस्थापक योहान ब्रुइनील हे आर्मस्ट्राँगचे जुने सोबती. तिसऱ्या टप्प्यात बाजूच्या वाऱ्याने जथा फुटला, तेव्हा आर्मस्ट्राँग पुढच्या गटात होता, कोंटाडोर मागच्या. ‘अस्ताना’चे सायकलपटू पुढच्या गटाला वेग देऊ लागले आणि कोंटाडोरने ४१ सेकंद गमावले. त्यानंतर कोंटाडोरने आपला मार्ग स्वतःच आखला. अर्कालिसच्या चढावर त्याने संघाची योजना बाजूला ठेवून हल्ला केला, व्हर्बियेला पिवळी जर्सी मिळवली आणि शर्यत जिंकली. आर्मस्ट्राँग तिसरा आला. पुढे उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगचे १ ऑगस्ट १९९८ पासूनचे सारे निकाल रद्द झाले, त्यात हे तिसरे स्थानही गेले. कोंटाडोरलाही त्याच वर्षी २०१० चे विजेतेपद गमवावे लागले.

आज्ञाधारकपणाची किंमत किती असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण ख्रिस फ्रूमचे आहे. २०११ च्या ‘व्हुएल्टा’त ‘स्काय’ संघाचा नायक होता ब्रॅडली विगिन्स. कालबद्ध टप्प्यानंतर आघाडी मदतनीस फ्रूमकडे आली, तरी पुढच्याच टप्प्यात त्याने विगिन्ससाठी चढावर वारा झेलला आणि लाल जर्सी त्याच्याकडे सोपवली. अखेर स्पेनचा हुआन होसे कोबो जिंकला. फ्रूम अवघ्या १३ सेकंदांनी दुसरा. एक दिवस कमी राबला असता तर, हा प्रश्न त्यानंतर कित्येकांनी विचारला. २०१९ मध्ये कोबो उत्तेजक सेवनाबद्दल दोषी ठरला आणि फ्रूमला विजेता घोषित करण्यात आले. न्याय मिळाला, पण माद्रिदच्या व्यासपीठावरचा क्षण आठ वर्षांनी परत मिळत नाही.

२०१२ च्या ‘टूर’मध्ये तोच प्रयोग पुन्हा रंगला. ला तूस्वीरच्या चढावर फ्रूम विगिन्सला मागे टाकून झपाट्याने पुढे निघाला आणि कानातल्या आदेशानंतर थांबला. दूरचित्रवाणीवर साऱ्या जगाने ते पाहिले. विगिन्स ‘टूर’ जिंकणारा पहिला ब्रिटिश ठरला, फ्रूम ३ मिनिटे २१ सेकंदांनी दुसरा. पुढच्या वर्षी नायकपद फ्रूमकडे आले आणि त्याने २०१३, २०१५, २०१६ व २०१७ अशी चार विजेतेपदे मिळवली. २०१८ मध्ये चक्र पूर्ण फिरले. फ्रूमला साथ देत आलेला गेरंट थॉमस विजेता झाला आणि फ्रूम तिसरा.

घरगड्याची पाळी

सहकाऱ्यांच्या वैराचा अलीकडचा मोठा प्रसंग २०२३ च्या ‘व्हुएल्टा’तील. ‘यम्बो-व्हिस्मा’ संघाच्या प्रिमोझ रोग्लिचने त्या वर्षीची ‘जिरो’ व योनास विंगेगार्डने ‘टूर’ जिंकली होती. दोन्ही वेळी त्यांच्यासाठी घाटात राबला होता अमेरिकेचा सेप कुस. ‘व्हुएल्टा’त दोन्ही नायक उतरले, कुसही उतरला, आणि आठव्या टप्प्यानंतर लाल जर्सी आली ती या मदतनिसाकडे. तिसऱ्या आठवड्यात मात्र दोन्ही नायकांनी त्याच्या आघाडीचे लचके तोडायला सुरुवात केली. आंग्लिरूच्या भयंकर चढावर रोग्लिच आणि विंगेगार्ड त्याला मागे टाकून निघून गेले. जर्सी वाचली ती अवघ्या आठ सेकंदांनी. आणि त्या चढावर कुसला सोबत लाभली ती प्रतिस्पर्धी संघाच्या मिकेल लांदाची. सापादानंतर रोशला मिळाली होती, तशीच.

जगभरच्या सायकलप्रेमींनी नाराजी व्यक्त केली. त्यानंतर उरलेल्या टप्प्यांत कुसला साथ देण्याचे संघाने ठरवले. तो विंगेगार्डवर १७ सेकंदांनी आणि रोग्लिचवर १ मिनिट ८ सेकंदांनी विजयी झाला. एकाच वर्षात तिन्ही महाशर्यती जिंकणारा हा पहिलाच संघ. एवढ्या यशानंतरही रोग्लिचने तो हंगाम संपताच संघ सोडला.

महिलांच्या सायकलिंगमध्येही चित्र वेगळे नाही. मार्च २०२३ मध्ये इटलीतील ‘स्त्रादे बियांके’ शर्यतीच्या अखेरीस सिएनाच्या चौकात पुढे उरल्या त्या ‘एसडी वर्क्स’ संघाच्याच दोघी, डेमी व्होलेरिंग आणि लोटे कोपेकी. विजय संघाचाच होता, तरी दोघींनी अखेरच्या वळणापर्यंत एकमेकींशी जीव तोडून झुंज दिली आणि व्होलेरिंग निसटत्या फरकाने जिंकली. पुढे व्होलेरिंगही २०२५ च्या हंगामासाठी दुसऱ्या संघात गेली.

वैराची कारणे

या साऱ्या प्रसंगांत काही समान धागे आढळतात. पहिला, पैसा. विजेत्याने बक्षिसाची रक्कम सहकाऱ्यांत वाटून टाकायची प्रथा आहे. पण पुढच्या कराराची किंमत ज्याच्या त्याच्या नावावर ठरते. महाशर्यतीचा विजेता आणि त्याचा उत्तम मदतनीस यांच्या मानधनात मोठी दरी असते. दुसरा, प्रायोजक. फ्रेंच, इटालियन किंवा ब्रिटिश प्रायोजकाला आपल्या देशाचा विजेता हवासा वाटणे स्वाभाविक आहे आणि परदेशी खेळाडूला ते लगेच जाणवते. तिसरा, वय. मावळता नायक आणि उगवता मदतनीस एका संघात असले, की सत्तांतराचा दिवस कोणता, यावर वाद होतोच. चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा, संदिग्ध शब्द. १९८५ चे वचन असो वा २००९ चे दुहेरी नायकत्व, जिथे व्यवस्थापनाने निर्णय ‘रस्त्यावर सोडला’, तिथे तो रस्त्याने निष्ठुरपणे घेतला.

दोन नायक ठेवणे हीच चूक, असेही म्हणता येत नाही. सास्त्रेचा विजय हा दोन-तीन दावेदार असल्यामुळेच शक्य झाला. एकमेव नायक पहिल्याच आठवड्यात पडला तर साऱ्या वर्षाची मेहनत वाया जाते. त्यामुळे संघ दुसरा दावेदार ठेवणारच, आणि दुसरा दावेदार कधी ना कधी पहिला होऊ पाहणारच.

१९३४ च्या ‘टूर’मध्ये वीस वर्षांच्या रेने व्हिएतोने आपला नायक आंतोनँ मान्य याला स्वतःचे चाक काढून दिले आणि तो रस्त्याकडेच्या भिंतीवर रडत बसून राहिला. ते छायाचित्र फ्रान्समध्ये त्यागाचे प्रतीक बनले. मान्य ती शर्यत जिंकला. व्हिएतो पाचवा आला आणि पुढे कधीच ‘टूर’ जिंकू शकला नाही. इनो, रोश, कोंटाडोर यांच्यावर स्वार्थाचा आरोप करताना हे छायाचित्रही डोळ्यांसमोर ठेवायला हवे. त्या खेळाडूला त्यागाबद्दल अमाप प्रेम मिळाले. पिवळी जर्सी मात्र त्याने ज्याला चाक दिले त्याच्या अंगावर राहिली.